आशियाई मातीतलं कॅथलिक नीतिशास्त्र: सोलापुरात सुरुवात कुठून करायची?

तिसरी_पाळी

धर्मग्रामातल्या (पॅरिशमधल्या) प्रौढांसाठी अभ्यासवर्गाचा आराखडा करायचाय, त्यासाठी हा धागा. विषय कॅथलिक नैतिक ईशज्ञान, म्हणजे मोरल थिऑलॉजी (सेमिनरीत सगळे नुसतं 'मोरल' म्हणतात, पुढे तेच वापरतो) आशियात, आणि त्यातही सोलापुरात, रुजवायचं कसं.

पार्श्वभूमी बहुतेकांना ठाऊक आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने) १९६५ मध्ये धर्मगुरूंच्या प्रशिक्षणावरच्या दस्तऐवजात (कलम १६) मोरल सुधारा, ते पवित्र शास्त्रावर पोसा, असं सांगितलं. त्याच वर्षीच्या मिशनकार्यावरच्या दस्तऐवजाने (कलम २२) प्रत्येक मोठ्या सामाजिक-सांस्कृतिक प्रदेशाने ईशज्ञान आपल्या भूमीवर उभं राहून पुन्हा तपासावं, अशी अपेक्षा ठेवली. १९७४ ला तैपेईत आशियाई महागुरूंच्या (बिशपांच्या) महासंघाने गरीब, संस्कृती आणि इतर धर्म अशा तिघांशी संवादाचा मार्ग आखला. श्रीलंकेचे जेझुइट ईशज्ञानी आलोयसियस पिएरिस यांनी तर ठणकावून सांगितलं की आशियात अफाट गरिबी आणि अनेक धर्म या दोन गोष्टी एकत्रच बघाव्या लागतात. एक सोडून दुसरी धरली की ईशज्ञान लंगडं होतं.

घोडं पेंड खातं ते याच्यापुढे. 'रुजवणं' म्हटलं की आपल्याकडे समई, आरती, झेंडूच्या माळा आणि वेदीपुढे पद्मासन. पापनिवेदनाच्या वेळी विवेकाची तपासणी मात्र जुन्याच यादीने होते: रविवारची मिस्सा, सहावी आज्ञा, आईवडिलांचा मान. विडीच्या छाटीबद्दल (वळलेल्या विड्यांतून खराब म्हणून काढल्या जातात आणि मजुरीत धरल्या जात नाहीत, त्या) त्या यादीत अवाक्षर नाही. ज्या शहरात हजारो घरांची चूल विडीवर आणि यंत्रमागावर पेटते, तिथलं मोरल छाटीबद्दल गप्प असेल तर ते कुठलं? सोलापूरचं तर नक्कीच नाही.

जाणकारांनी लिहा. 'सर्व धर्म एकच शिकवतात' छापाचे प्रतिसाद नकोत, प्लीज.

जुनं_दप्तर

आधी इतिहास, कारण चुका सगळ्या करून झाल्या आहेत.

१६५९ मध्ये रोमच्या धर्मप्रचार मंडळाने आशियात जाणाऱ्या धर्मप्रमुखांना लेखी बजावलं होतं: लोकांच्या चालीरीती, जोवर त्या धर्माच्या आणि नीतीच्या उघड विरोधात नाहीत, बदलायला लावू नका. फ्रान्स, स्पेन किंवा इटली उचलून चीनमध्ये नेणं याइतका वेडेपणा नाही, असा त्याचा सूर होता. हे कागदावर. १७४२ मध्ये पोप चौदावे बेनेडिक्ट यांनी चिनी पूर्वजविधींवर बंदी कायम केली. त्याची किंमत कोरियात दिसते. युन जी-चुंग या कॅथलिक गृहस्थाने आई वारल्यावर पूर्वजांच्या नावाच्या पाट्या ठेवल्या नाहीत, रूढ विधी केले नाहीत. १७९१ मध्ये त्याचा शिरच्छेद झाला. आणि ८ डिसेंबर १९३९ ला रोमनेच निर्णय दिला की मृतांच्या प्रतिमेपुढे वा नावाच्या पाटीपुढे मान लववणं हा नागरी आदर मानता येतो, कॅथलिकांनी तो करायला हरकत नाही.

देव तोच, आज्ञा त्याच. बदललं ते एवढंच की त्या समाजात त्या कृतीचा अर्थ काय घेतला जातो, याचं उत्तर. जुन्या मोरलमध्ये कृतीचा विषय, कर्त्याचा हेतू आणि परिस्थिती या तीन कसोट्या आहेत. आशियात गाडी अडते ती पहिल्याच कसोटीवर. कृती नेमकी कोणती, हे तिथल्या लोकांना विचारल्याशिवाय ठरत नाही. रोममध्ये बसून 'हा पूर्वज-पूजेचा विधी' असं लेबल चिकटवलं की पुढचं सगळं गणित चुकतं.

भाकरीवाली

दप्तरकाका, इतिहास अर्धाच सांगितलात. मदुराईचे इटालियन जेझुइट मिशनरी रॉबर्ट दे नोबिली राहिले की! १६०६ ला तिथे गेले, संन्याशाची वस्त्रं घातली, ब्राह्मणांत मिसळले. १६२३ मध्ये पोप पंधरावे ग्रेगरी यांनी जानवं, शेंडी, गंध चालेल असं मान्य केलं. 'रुजवण्याचा' आदर्श म्हणून हे उदाहरण प्रत्येक सेमिनारमध्ये येतं. पण त्या पद्धतीने जातही चर्चमध्ये रुजवली. पुढे काही मिशनरी खालच्या मानलेल्या जातींच्या घरी साक्रामेंत (पवित्र संस्कार) द्यायलाही जाईनात. १७४४ मध्ये रोमला त्यात हात घालावा लागला.

म्हणून माझा पहिला प्रश्न कायम हाच: कुणाच्या मातीत? उपनिषदं आणि गीता घेऊन 'भारतीय मोरल' लिहिणारे खूप झाले. सोलापूर जिल्ह्याची परंपरा काढायचीच असेल तर मंगळवेढ्याच्या चोखोबांच्या घरापासून काढा. त्यांच्या बायकोचा, सोयराबाईचा, विटाळावरचा अभंग घ्या. देहाचा विटाळ म्हणता, पण विटाळाशिवाय जन्मलेला देह दाखवा, असा तिचा सरळ युक्तिवाद आहे. त्याच्याशेजारी मार्कच्या शुभवर्तमानाचा ७ वा अध्याय ठेवा, बाहेरून आत जाणारं माणसाला अपवित्र करत नाही, हा. अभ्यासवर्गाला एवढं दोन तास पुरतं. त्यांचा मुलगा कर्ममेळा तर बापाच्याही पुढे जाऊन देवालाच जाब विचारतो. चोखोबांच्या काही अभंगांत हीन जन्म हे पूर्वकर्माचं फळ म्हणून येतं, तेही झाकू नका. दोन्ही वाचा आणि गटाला विचारा, कर्माचा सिद्धांत इथे दिलासा देतोय की तोंड बंद करतोय?

आणि सोलापूरचा सगळ्यात महत्त्वाचा दस्तऐवज कुणी काढतच नाही. १९३८ च्या जानेवारीत डॉ. आंबेडकर इथल्या ख्रिस्ती लोकांच्या सभेत बोलले होते. आपल्या मनाची पकड घेणाऱ्या व्यक्ती दोनच, बुद्ध आणि ख्रिस्त, असं म्हणाले, आणि लगेच सुनावलं की दक्षिणेतले ख्रिस्ती चर्चमध्ये जात पाळतात, अन्यायाविरुद्ध लढायला पुढे येत नाहीत. भारतीय महागुरूंच्या परिषदेचं दलित सक्षमीकरणाचं धोरण आलं २०१६ मध्ये. मधली ७८ वर्षं मोजा.

नियमावली

चर्चा चांगली आहे, पण एक शंका गंभीर आहे. प्रत्येक मातीचं वेगळं मोरल म्हटलं की उद्या कुणी म्हणेल 'आमच्याकडे हुंडा चालतो, आमची संस्कृती'. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९३ च्या परिपत्रकात याच वाटेला आळा घातलाय. काही कृत्यं मुळातच वाईट, कुठल्याही परिस्थितीत, कुठल्याही देशात. ते सोडून काही उभारता येणार नाही.

तिसरी_पाळी

सर, ते परिपत्रक सोडायचं नाहीच. उलट त्यातलं कलम ८० नीट वाचा. मुळात वाईट कृत्यांची जी यादी तिथे आहे ती परिषदेच्या १९६५ च्या दस्तऐवजातून घेतलेली आहे. तिच्यात खून, वंशहत्या, गर्भपात आहेत, तशीच माणसाला न शोभणारी राहणी आहे, आणि कामगाराला फक्त नफ्याचं साधन बनवणारी हीन कामाची परिस्थितीही आहे. ही ओळ आपल्याकडे कुणी प्रवचनात घेतलेली ऐकिवात नाही. यादी एकच, पण वाचताना अर्धी गिळली जाते. सोलापुरात उभं राहून वाचलं की गिळलेली ओळ दिसते. मला 'मातीतलं' म्हणजे एवढंच म्हणायचंय.

हुंड्याचं म्हणाल तर संस्कृतीही त्याच कसोटीला लागते. भाकरीवालीताईंनी वर तेच दाखवलंय.

मंगळवेढेकर

दामाजीपंत राहिले. दुर्गादेवीचा दुष्काळ, मंगळवेढ्याचं कोठार बिदरच्या बादशहाचं, आणि दामाजी त्याचे अधिकारी. त्यांनी कोठार लुटवलं, लोक जगले, आणि कथेप्रमाणे विठ्ठल विठू महार होऊन बादशहाकडे रक्कम भरून आला.

आता तेराव्या शतकातले ईशज्ञानी थॉमस अक्वायनस यांचा प्रश्न शेजारी ठेवा ('सुम्मा थिओलॉजिए' ग्रंथ, दुसऱ्या भागाचा दुसरा खंड, प्रश्न ६६, उपप्रश्न ७): गरजेपोटी घेतलेलं ही चोरी का? उत्तर: जीव जाईल अशी उघड गरज असेल तर वस्तू सगळ्यांच्याच होतात. माणूस स्वतःसाठी घेऊ शकतो, आणि अशा गरजेतल्या शेजाऱ्यासाठीही. दामाजी दुसऱ्या प्रकारात बसतात.

गटापुढे हे ठेवताना लोक दोन ठिकाणी घसरतात. एक, कथेला 'दानशूरपणा' म्हणतात. दान स्वतःच्या मालाचं. इथे प्रश्न न्यायाचा आहे, कोठार भरलेलं असताना उपाशी मेलेल्याचं धान्य कुणाचं होतं हा. दोन, शेवटचा चमत्कार आला की सगळे सुटकेचा श्वास सोडतात, हिशेब मिटला म्हणून. तिथेच थांबवा आणि विचारा: विठू महार आला नसता तर दामाजी चुकले असते का? अक्वायनसचं उत्तर 'नाही' असं येतं. बहुतेक गटांत निम्मे लोक 'हो' म्हणतात, आणि खरी चर्चा त्यानंतर सुरू होते.

उगाच_एक

+१ सगळ्यांना. पण सिद्धेश्वराच्या गावात बसून कायक (पूजा मानलेलं काम) आणि दासोह (कमाई वाटून देणं) कुणीच काढलं नाही बे?

भाकरीवाली

काढते, पण जपून. सिद्धरामेश्वर, लोकांच्या श्रमातून झालेला तलाव, 'काम हीच पूजा', हे सगळं ख्रिस्ती श्रमविचाराशी छान जुळतं. १९८१ च्या श्रमावरच्या परिपत्रकात काम माणसासाठी, माणूस कामासाठी नव्हे, असं आहेच. गोम अशी की 'काम हीच पूजा' ही पाटी कारखान्याच्या भिंतीवर मालक लावतो तेव्हा तिचा अर्थ फिरतो. शरणांच्या (बसवण्णांसोबतच्या शिवभक्तांच्या) परंपरेत कायकाला दासोह जोडलेला आहे, आणि गरजेपेक्षा जास्त घ्यायचं नाही ही अटही. आयदक्की मारय्या सांडलेले तांदूळ वेचून आणायचा. एके दिवशी जास्त घेऊन आला तर बायकोने, लक्कम्माने, जादा तांदूळ जिथले तिथे टाकून यायला लावले. अभ्यासवर्गात लक्कम्मा आणा, भिंतीवरची पाटी नको.

तिसरी_पाळी

आता मुख्य प्रकरण. नमुना म्हणून घेतो, आकडे समजण्यापुरते.

बाई कारखान्यातून पान, तंबाखू, सूत घेते. पान भिजवून साच्यावर कातरते, तंबाखू भरून वळते, तोंड दुमडते, सूत बांधते. मजुरी हजारावर. दिलेल्या पानांत हजार भरत नाहीत, कारण पान फाटकं किंवा कमी, म्हणून उरलेलं पान पदरच्या पैशाने विकत आणते. ब्रँचवर (कारखान्याच्या माल घेण्याच्या ठिकाणी) चेकर हजारातल्या १०० विड्या छाट म्हणून काढतो. मजुरी ९०० ची. छाट काढलेल्या १०० तिला परत मिळत नाहीत आणि पुढे विकल्या जातात. (१९६६ च्या विडी-सिगार कामगार कायद्याखालच्या नियमांनी छाटीला मर्यादा घातली होती, पण इथे आपण मोरलचं बोलतोय.)

हा सातव्या आज्ञेचा, अदलाबदलीच्या न्यायाचा भंग आहे आणि त्याला नुसता पश्चात्ताप पुरत नाही, परतफेड लागते. मजुरी अडवणं याकोबाच्या पत्रात (५:४) थेट देवाच्या कानी जाणारा आक्रोश म्हणून आलंय. तर परतफेड कुणी करायची? इथे जुनं मोरल कमालीचं कामाला येतं. अक्वायनस (प्रश्न ६२, उपप्रश्न ७) अन्यायातल्या सहभागाचे नऊ प्रकार देतो: हुकूम, सल्ला, संमती, भलावण, आसरा, वाटेकरी होणं, गप्प बसणं, न अडवणं, उघड न करणं. यातले पाच जण नेहमीच बांधील: हुकूम देणारा, ज्याच्या संमतीशिवाय झालंच नसतं तो, चोराला आसरा आणि पाठबळ देणारा, वाटेकरी, आणि अडवणं ज्याचं कर्तव्य होतं तरी अडवलं नाही तो. बाकीच्यांनी, त्यांच्या बोलण्याने वा गप्प बसण्याने नुकसान झालं असेल, तर.

ब्रँचवर लावा. 'रोज एवढी छाट निघाली पाहिजे' म्हणणारा पहिला. छाट काढणारा चेकर हात आहे, पगारी आहे, तरी सुटत नाही. त्याची नोकरी जाण्याची भीती दोष कमी करते, पण घेतलेलं त्याचं होत नाही. तपासणीला येऊन चहा पिऊन जाणारा अधिकारी पाचव्यात. शेजारी रांगेत उभी असलेली बाई गप्प बसली म्हणून तिला धरायचं का? नाही. बोलली तर उद्या तिचंच पान बंद, त्यामुळे बोलण्याचं बंधन तिच्यावर येत नाही.

क्रमही ठरलेला: आधी हुकूम देणारा, मग हाताने करणारा, मग इतर. एकाने पूर्ण भरलं की त्या बाईचं देणं संपतं, मग आपसात वाटून घ्या.

आणि एक गोष्ट जी ऐकून गटात शांतता पसरते. कुणाचं घेतलं ते कळत नसेल तरच ती रक्कम गोरगरिबांना दिली की चालते. ब्रँचवर प्रत्येक बाईचं नाव वहीत आहे. त्यामुळे सणाला लाऊडस्पीकर आणि मांडवाचा खर्च उचलला म्हणून परतफेड झाली असं होत नाही. धर्मगुरूने देणगी घेताना हे लक्षात ठेवावं.

विडी वळणं हेच पाप का, असं कुणीतरी विचारतंच. तंबाखूची हानी खरी आहे. पण वळणारीचा सहभाग वस्तुरूप आहे, हेतूचा नाही, दूरचा आहे, आणि दुसरं काम नाही. जुन्या कसोट्यांनी तिच्यावर दोष येत नाही. तोच प्रश्न मालकाला विचारला की उत्तर बदलतं, कारण त्याच्याकडे पर्याय आहेत.

जुनं_दप्तर

अप्रतिम मांडणी. एकच भर: नऊ प्रकारांची ही चौकट व्यक्ती मोजते. पान कमी देण्याची रीत, घराघरात विखुरलेलं काम, वळायला बसलेली शाळकरी पोर, तंबाखूच्या धुळीचा खोकला, हे कुणा एकाच्या हुकमात मावत नाही. त्यासाठी १९८७ च्या परिपत्रकातला (कलम ३६) 'पापाच्या रचना' हा विचार जोडा. पण आधी व्यक्ती, मग रचना. उलट केलं की सगळे 'सिस्टीमच तशी आहे' म्हणून हात झटकतात.

नियमावली

कलम ८० बद्दलचं मान्य. तरी पद्धत सांगा. अशा बैठका गाऱ्हाण्याच्या सभा होतात आणि मोरल बाजूला राहतं.

भाकरीवाली

होतात, कारण पहिली पायरी घाईत उरकतात. पाहा, पारखा, करा ही बेल्जियमचे धर्मगुरू कार्डाइन यांची पद्धत, १९६१ च्या परिपत्रकात (कलम २३६) मान्य झालेली. दीड तासाच्या बैठकीत ४० मिनिटं 'पाहा'ला द्या. गट ८ ते १० जणांचा, त्याहून मोठा झाला की दोघंतिघंच बोलतात. वळणाऱ्या बायका आणि चेकर वा मुनीम एका गटात बसवू नका, बायका तोंड उघडत नाहीत. बायकांची बैठक वेगळी, आणि ती मिस्सेनंतर चर्चमध्ये नको, त्यांच्या वस्तीत, माल देऊन झाल्यावरच्या वेळेला.

'पाहा'चे प्रश्न मोजता येतील असे ठेवा: किती पान मिळालं, किती विकत घेतलं, छाट किती, छाटीचं पुढे काय होतं. 'तुम्हाला कसं वाटतं' हा प्रश्न सुरुवातीला विचारला की रडारड होते नाहीतर 'देवाची इच्छा' येते. 'देवाची इच्छा' आलीच तर खोडू नका, लिहून ठेवा. 'पारखा'मध्ये तेच वाक्य याकोबाच्या पत्राशेजारी ठेवायचं. 'पारखा'ला एकच बायबलचा उतारा, एकच स्थानिक परंपरा आणि एकच कलम. तीन-तीन ठेवले की तो अभ्यास उरत नाही, प्रदर्शन होतं. 'करा'मध्ये पुढच्या बैठकीआधी होईल असं एकच काम, नावासकट. छाट रोज वहीत लिहिणं, एवढंही चालतं.

फिलिपिन्सच्या दिओनिसिओ मिरांडा यांनी तिथल्या 'लोओब' या अंतरंगाच्या कल्पनेवर मोरल उभारलं, हाँगकाँगच्या लुकास चान यांनी धन्यवचनं (येशूची 'धन्य ते...' अशी वचनं) कन्फ्यूशियसच्या सद्गुणविचारासोबत वाचली. पुण्यात ज्ञानदीप या ईशज्ञानाच्या संस्थेत शिकवून गेलेले जॉर्ज सोअरेस-प्रभू यांनी डोंगरावरचं प्रवचन येशूचा धर्म म्हणून मांडलं. वर्ग चालवणाऱ्याने हे सगळं वाचावं. गटापुढे नावं फेकू नयेत.

उगाच_एक

अवांतर: यंत्रमागावरच्या ख्रिस्ती कामगाराने खंडेनवमीला काय करायचं? दरवर्षी हाच घोळ.

जुनं_दप्तर

अवांतर कसलं, हेच मोरल. पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात (अध्याय ८ ते १०) चार वेगवेगळे प्रसंग आहेत: बाजारातलं मांस, कुणाच्या घरचं आमंत्रण, 'हे मूर्तीला वाहिलेलं आहे' असं कुणी मुद्दाम सांगणं, आणि देवळातल्या पंगतीला बसणं. पहिल्या दोन ठिकाणी विचारपूस न करता खा, तिसऱ्यात सांगणाऱ्याच्या विवेकासाठी थांब, चौथ्यात बसू नको.

खंडेनवमीही सुटी सुटी करून बघा. माग पुसणं, तेलपाणी करणं, झेंडूची माळ घालणं, मालकाने दिलेले पेढे आणि बोनस घेणं: यात अडचण नाही. हळदकुंकू लावून उभं राहणं: त्या कारखान्यातले लोक याला काय समजतात ते विचारा. 'वर्षभर पोटाला दिलं त्याचा मान' असं उत्तर आलं तर १९३९ चा निर्णय डोळ्यापुढे ठेवून हजर राहता येईल. स्वतः आरती, नैवेद्य करणं: नाही. आणि घरचा नवखा बाप्तिस्मा घेतलेला भाऊ शेजारी असेल तर पौलाचा दुर्बळ विवेकाचा मुद्दा लागू होतो, मग मागेच उभं राहा.

काही जण उपाय म्हणून ख्रिस्ती कामगारांची वेगळी यंत्र-प्रार्थना ठेवतात. रोमच्या १९८४ च्या आशीर्वाद-ग्रंथात कामाच्या हत्यारांचा आशीर्वाद आहेच, त्यामुळे विधी म्हणून योग्य. पण तो त्याच दिवशी, त्याच शेडमध्ये ठेवला की कामगारांत फूट पडते आणि बोनसच्या बोलणीत मालकाला ते सोयीचं जातं. १ मे ला, कामकरी संत योसेफाच्या सणाला ठेवा.

तिसरी_पाळी

ठरलं मग. पहिली बैठक छाट, याकोबाचं पत्र आणि लक्कम्मा. दुसरी दामाजी. खंडेनवमी नवरात्राच्या आधीच्या महिन्यात, ऐनवेळी नको. सोयराबाई आणि मार्क ७ ला पूर्ण सकाळ.

'पाहा'चे प्रश्न तेलुगूत कोण उतरवून देईल? वस्तीतल्या निम्म्या बायका मराठी समजतात पण हिशेब तेलुगूतच सांगतात.

मंगळवेढेकर

प्रश्न इथे टाका, तेलुगूत करून देतो. पण पान-छाटीचे बोलीतले शब्द वस्तीतल्याच दोघींकडून तपासून घ्या, आणि छपाई मोठ्या टायपात करा.

उगाच_एक

आणि बैठक गड्ड्याच्या (सिद्धेश्वराच्या यात्रेच्या) आठवड्यात ठेवू नका ओ, कुणी येणार नाही.